जुनी गाडी, नवे टायर

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची निघून गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असते आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघणे तर त्याआधीच थांबले होते. परंतु टॅक्सी गेल्या तरी घरोघरच्या पद्मिनी अजून पूर्णपणे गेलेल्या नाहीत. कोणाच्या वडिलांनी पहिली गाडी म्हणून घेतलेली, कोणाच्या लग्नाच्या वरातीत फुलांनी सजलेली, अशी एखादी पद्मिनी तुमच्याही गावात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असेल.

कराडला आमच्या आळीत अशी एक आहे. ती माझ्या हायस्कुलातल्या गणिताच्या सरांची. सर निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली. गाडी दसऱ्याला धुवायची, पूजा करायची आणि महिन्यातून एकदा बाजारापर्यंत फिरवून आणायची, एवढाच तिचा प्रवास. गेल्या उन्हाळ्यात मात्र सरांच्या मनात आले, की कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन यावे, आणि लेकीच्या मुलांनाही बरोबर न्यावे.

मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणालो, "सर, टायर बदलायला हवेत."

"अरे, नक्षी बघ की!" सर म्हणाले. "पाच हजार किलोमीटरसुद्धा झाले नसतील यांचे."

नक्षी खरोखरच शाबूत होती. टायरच्या खाचांच्या तळाशी टी. डब्ल्यू. आय. या खुणेच्या सरळ रेषेत रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, की तो बाद समजावा. सरांचे टायर त्या खुणेपासून फार दूर होते. पण टायरच्या कडेच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरले होते, आणि रिमजवळ एका लंबगोलात चार अंक उठवलेले होते : २३०८. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २००८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, जून महिन्यात, तयार झालेला. (२००० सालापूर्वीच्या टायरवर तीनच अंक असत. तसे तीन अंक दिसले तर पुढे काही पाहायची गरजच नाही.)

पोस्टकार्डाएवढी जागा

टायर एवढा महत्त्वाचा का, हे एका सोप्या गणिताने कळेल. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो. चार माणसे आणि त्यांचे सामान धरले तर १२०० किलो. म्हणजे एका चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. पंपावर आपण "२८ पौंड हवा भर" असे सांगतो, त्याचा अर्थ दर चौरस इंचाला २८ पौंड दाब, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २ किलो. भार पेलतो तो मुख्यतः हवेचा दाब. मग ३०० ला २ ने भागा. एका टायरचा १५० चौरस सेंटिमीटर भागच जमिनीला टेकलेला असतो. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. त्याहून किंचित मोठी अशी चार ठिकाणे, आणि त्यांच्या आधारावर सगळी गाडी! ब्रेक लावताना, घाटात वळण घेताना, पावसात निसरड्या डांबरावर, जे काही घर्षण मिळायचे ते या चार पोस्टकार्डांतूनच.

न वापरताही म्हातारे होणारे रबर

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ मध्ये असे आढळले, की रबर गंधकाबरोबर तापवले तर हा दोष जातो. गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पुलासारखे बसतात आणि रबराला कायमची लवचिकता येते. पण टायर साच्यातून बाहेर पडल्यावर रासायनिक क्रिया संपत नाहीत. हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो, काही साखळ्या तोडतो, काही नको तिथे जोडतो. रबर कडक आणि ठिसूळ बनत जाते. अशा क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

ऑक्सिजनपेक्षाही रबराचा मोठा शत्रू म्हणजे त्याचा भाऊ ओझोन. हवेतल्या दहा कोटी रेणूंत तो दोन-चार असला तरी पुरतो. रबराच्या साखळीत जेथे दुहेरी बंध असतात तेथे तो घाव घालतो, आणि विशेष म्हणजे रबर ताणलेले असेल तेथे आधी. हे तुम्हाला घरी पाहता येईल. एकाच पुडक्यातले दोन रबरबँड घ्या. एक डब्याभोवती चांगला ताणून बसवा, दुसरा तसाच सैल ठेवा, आणि दोन्ही गच्चीवर ठेवून द्या. रोज पाहून वहीत नोंद करा. आडव्या भेगा कशावर आधी पडतात ते दिसेल.

कारखानदारांना हे ठाऊक असल्यामुळे ते रबरात मेण आणि ओझोनला रोखणारी रसायने मिसळतात. टायर फिरताना तो दर फेरीला दबतो आणि उलगडतो. या हालचालीने ती द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि संरक्षक थर नवा होत जातो. गाडी वर्षानुवर्षे उभी असेल तर ही हालचालच होत नाही. म्हणजे सरांना जी गोष्ट टायरच्या तब्येतीची खूण वाटत होती, तीच त्याच्या आजाराचे एक कारण होती!

टायर नेमका किती वर्षांनी बाद होतो याचे एक उत्तर नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असला तरी, काढून टाकावा, असा सल्ला काही मोठे टायर उत्पादक देतात. हा सल्ला केवळ नवे टायर खपवण्यासाठी आहे, असे कोणाला वाटेल. मलाही पूर्वी वाटत असे. पण सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात, संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांच्या बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तीन जण मरण पावले. तपासात निघाले, की त्या टायरची नक्षी नियमात बसत होती. त्याचे वय मात्र एकोणीस वर्षांहून अधिक होते. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने त्यानंतर अनेक वर्षे पाठपुरावा केला. फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये मालमोटारी आणि बसगाड्यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास कायद्याने बंदी आहे.

ही हकिकत ऐकल्यावर सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांचा निरोप आला, की टायरच्या दुकानात जायचे आहे.

"बसतो की!"

दुकानात पहिलीच अडचण आली. सरांच्या टायरवर आकार लिहिला होता ५.२०-१४. तसा टायर त्या दुकानात नव्हता. दुकानदार म्हणाला, "काका, १७५/६५ आर १४ घाला. रिमवर बरोबर बसतो. पुष्कळ जण हाच घालतात."

बसतो हे खरे. दोन्ही आकारांत शेवटचा अंक १४, म्हणजे रिमचा व्यास १४ इंच. पण रिमवर बसणे वेगळे आणि गाडीला जमणे वेगळे. सरांनी खिशातून पेन काढले आणि बिलाच्या कोऱ्या कागदामागे आकडेमोड सुरू केली. ती येथे देतो. तुम्हीही वहीत करून पाहा.

जुन्या पद्धतीत ५.२० ही टायरची रुंदी इंचांत असते, म्हणजे १३२ मिलिमीटर. त्या काळच्या टायरची उंची रुंदीच्या साधारण ९५ टक्के असे, म्हणून ती लिहीतच नसत. उंची आली सुमारे १२५ मिलिमीटर. रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून २५०, आणि रिमचे १४ इंच म्हणजे ३५६. एकूण व्यास सुमारे ६०६ मिलिमीटर.

नव्या पद्धतीत १७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ६५ म्हणजे उंची रुंदीच्या ६५ टक्के. १७५ चे ६५ टक्के जवळजवळ ११४. दुप्पट २२८, अधिक ३५६. व्यास ५८४ मिलिमीटर. (रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात आणि मध्ये टक्केवारी! अशी खिचडी उत्तरपत्रिकेत आली असती तर सरांनी शून्य दिले असते. पण सारे जग हीच पद्धत वापरते.)

व्यासात फरक २२ मिलिमीटरांचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक. त्यामुळे काय बिघडते? वेगदर्शक काटा प्रत्यक्षात वेग मोजत नाही. तो चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्याला अमुक इतके अंतर, असे गृहीत धरतो. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. व्यास कमी झाला की एका फेऱ्यात गाडी कमी पुढे जाते. काटा ६० दाखवील तेव्हा खरा वेग ५८ च्याही खाली असेल, आणि शंभर किलोमीटरची नोंद होईल तेव्हा गाडी ९६ किलोमीटरच्या आसपास गेलेली असेल. इंजिनाला तेवढ्याच अंतराला जास्त फेरे मारावे लागतील. शिवाय व्यास २२ ने घटला म्हणजे त्रिज्या ११ ने घटली. गाडी ११ मिलिमीटर खाली बसली. आपल्याकडचे गतिरोधक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या ११ मिलिमीटरांची किंमत सांगायला नको. रुंदीही १३२ ऐवजी १७५. एवढा रुंद टायर त्या अरुंद रिमवर कडेने फुगून बसतो आणि हँडल पूर्ण वळवल्यावर आतल्या पत्र्याला घासण्याचा संभव असतो. पद्मिनीच्या हँडलला शक्तीची जोड नाही. उभ्या गाडीत ते फिरवताना सरांच्या खांद्यांना फरक जाणवला असता.

दुकानदाराने मग १६५/८० आर १४ पुढे केला. त्याचा व्यास येतो ६२० मिलिमीटर, म्हणजे आता दोन टक्क्यांहून अधिक मोठा. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६१ च्या वर असेल. हा फरक लहान आहे, पण चुकीच्या दिशेने आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवावे हे केव्हाही वाईट. शेवटी सरांनी १५५/८० आर १४ चे गणित केले : १२४ ची दुप्पट २४८, अधिक ३५६, उत्तर ६०४. मूळ व्यासाहून दोन मिलिमीटर कमी. "हा आण," सर म्हणाले. तो बाहेरगावाहून मागवावा लागला आणि आठ दिवस थांबावे लागले.

आकारापुढे आणखी एक अंक आणि एक अक्षर असते, तेही पाहून घ्यावे. अंक भाराचा. ८० म्हणजे त्या टायरने ४५० किलोपर्यंत भार पेलावा. आपला हिशेब चाकामागे ३०० चा असल्यामुळे तो पुरतो. अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. पद्मिनीच्या बाबतीत हे अक्षर पाहून फक्त हसू येते.

उरेब धागे आणि सरळ धागे

आता त्या 'आर' या अक्षराकडे वळू. आर म्हणजे रेडियल. सरांचे जुने टायर होते क्रॉस-प्लाय, ज्यांना आपल्याकडे दुकानात नुसतेच 'नायलॉन टायर' म्हणतात. दोहोंतला भेद समजण्यासाठी एक सुती हातरुमाल घ्या.

रुमाल दोन्ही हातांनी धाग्याच्या सरळ दिशेत ओढा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरची टोके धरून तिरका ओढा. लगेच ताणतो, मधल्या चौकटींचे शंकरपाळे होतात. शिंपी यालाच उरेब म्हणतात. क्रॉस-प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर असे उरेब बसवलेले असतात, एक थर डावीकडे तिरका, पुढचा उजवीकडे. त्यामुळे टायर जमिनीवर दबला की दर फेरीला आतले थर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर सरकतात. त्या घर्षणाने उष्णता निर्माण होते, पेट्रोल वाया जाते, आणि जमिनीला टेकलेली नक्षीही वळवळत राहते, म्हणून लवकर झिजते.

मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये एक वेगळी रचना पेटंट केली आणि १९४९ मध्ये ती बाजारात आणली. तिच्यात मुख्य धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. बाजूने पाहिले तर ते चाकाच्या त्रिज्यांसारखे दिसतात, म्हणून नाव रेडियल. नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा गुंडाळलेला असतो. आपल्या बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून बसवतो त्या लोखंडी धावेची येथे आठवण होते. पट्ट्यामुळे नक्षीचा भाग जमिनीवर सपाट टेकून राहतो, आणि कडेची भिंत मात्र मोकळेपणाने लवते. दोघांची कामे वेगळी झाली. म्हणून रेडियल टायर थंड राहतो, जास्त टिकतो आणि ओल्या रस्त्यावर अधिक चांगला धरतो.

मग जुन्या गाडीला डोळे मिटून रेडियलच घालावेत का? येथे जाणकारांत मतभेद आहेत. पद्मिनी ही मुळात १९६२ सालच्या इटालियन फियाट ११०० डी ची बहीण. तिच्या स्प्रिंगा, हँडल आणि चाकांचे कोन क्रॉस-प्लाय टायर डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले. क्रॉस-प्लाय टायर घसरण्यापूर्वी बराच आधीपासून इशारा देतो. रेडियल पुष्कळ वेळ घट्ट धरतो, पण सुटला की अधिक अचानक सुटतो. ज्यांना गाडी मूळ रूपात जपायची आहे त्यांनी मूळ आकाराचे नवे क्रॉस-प्लाय शोधावेत, त्यात काहीच गैर नाही. परदेशात तर अमेरिकेतील कोकरसारख्या कंपन्या जुन्या नक्षीचे, पांढऱ्या पट्ट्याचे टायर आजही मुद्दाम बनवतात. परंतु नातवंडांना घेऊन पावसाळ्याच्या तोंडावर घाट उतरायचा असेल, तर माझे मत रेडियलच्या बाजूने.

एक गोष्ट मात्र मतभेदाची नाही. दोन्ही जातींची सरमिसळ करू नये. सर म्हणाले होते, "आत्ता पुढचे दोन घेऊ, मागचे दिवाळीला." हे फार धोक्याचे ठरले असते. वळणावर चाकाचे तोंड ज्या दिशेला असते त्याच दिशेला ते तंतोतंत जात नाही. रबर पिळले जाते आणि दोन दिशांमध्ये काही अंशांचा कोन पडतो. वळणाला लागणारे तेवढेच बल निर्माण करायला क्रॉस-प्लायला हा कोन रेडियलपेक्षा मोठा लागतो. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय असतील, तर मागची चाके पुढच्यांपेक्षा जास्त बाहेर सरकतात. गाडीची शेपूट वळणाबाहेर फेकली जाते आणि गाडी गर्रकन फिरू शकते. ब्रिटनमध्ये अशी जोडणी कायद्यानेच निषिद्ध आहे. एकाच आसाच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या जातीचे टायर तर कधीच नकोत.

म्हणून आम्ही चार नव्हे, पाच टायर घेतले. पाचवा स्टेपनीचा. (स्टेपनी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण तो मूळचा वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्याचा. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवणारे दुकान होते.) डिकीतल्या अंधारात पडलेल्या टायरचेही वय वाढतच असते, आणि नेमक्या घाटात पंक्चर झाल्यावर रेडियलच्या जोडीला जुना क्रॉस-प्लाय लावायची वेळ यायला नको.

ट्यूबही नव्या घेतल्या, आणि रेडियलसाठी असलेल्याच. टायर ट्यूबलेस असला तरी ट्यूब लागलीच असती, कारण जुन्या रिमच्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. रिम काढल्यावर आतला गंज घासून तिला रंग दिला, कारण गंजाचा एखादा पापुद्राही ट्यूबला टोचायला पुरतो. गाडी खाली उतरवल्यावर सर म्हणाले, "हवा कमी भरलीस का रे?" टायरची कडा फुगलेली दिसत होती. ती रेडियलची सवयच आहे. भिंत मऊ असल्यामुळे तो नेहमी थोडा बसल्यासारखा दिसतो. हवा डोळ्यांनी न पाहता मापाने पाहायची, तीही टायर थंड असताना.

काढलेल्या पाच टायरांपैकी एक सरांनी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला दिला. त्याचा आडवा काप घेण्यासाठी कडेच्या पोलादी तारांना करवत लावावी लागली. नायलॉनचे उरेब थर आता मुलांना बोटाने उलगडून पाहता येतात. नववीच्या मुलांनी कडेच्या भिंतीवरच्या भेगांची खोली मोजली. बाहेरून केसाएवढ्या वाटणाऱ्या त्या भेगा कुठे कुठे दोन मिलिमीटर खोल निघाल्या, आणि तीन ठिकाणी तर तळाशी पांढरा धागा दिसत होता.